गोल न करणारी फॉरवर्ड

क्लबच्या खोलीत एकेकटे मोजे साठत जातात. जोडी सापडत नाही आणि टाकवतही नाहीत. आमच्या क्लबचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. लोक म्हणतात, "अक्का, वय झालं, आता जरा गोड बोला." गोड हवं असेल तर आमच्या जयनगरात बेकऱ्या ढिगानं आहेत. तिकडे जा!

क्लब मुलींच्या फुटबॉलचा. मीच उभा केला. मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी भाऊ मैदानात खेळायचे, आणि दगड कमी पडला की मला गोलपोस्ट म्हणून उभं करायचे. "हलू नकोस!" एवढंच माझं कोचिंग. पण गोलपोस्टला सगळं दिसतं. गोल मारून हात वर करणारा दिसतो, आणि त्याच्यासाठी दोघांना अंगावर घेऊन कोपऱ्यात आडवा झालेला पण दिसतो. त्या दुसऱ्याकडे कुणी बघत नसतं.

आता कमिटीत माझं काम एकच. उद्घाटनाला दिवा लावायचा.

*

आमच्याकडे एक रीत आहे, सेक्रेटरी रमेशअण्णांनी पाडलेली. मॅच जिंकली की सगळ्या पोरी कोपऱ्यावरच्या हॉटेलात. पहिला बेण्णे डोसा, लोणी घातलेला, गोल करणारीला. तो तिच्यापुढे आल्याशिवाय बाकीच्यांनी ऑर्डर द्यायची नाही.

भारती आमची फॉरवर्ड. के. आर. पुरमची, कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी. राज्याच्या संघाच्या ट्रायलला क्लबमार्फतच जाता येतं, आणि त्या दुकानातून सुटायची तिची तेवढीच एक वाट. एका मॅचला ती समोरच्या डिफेंडरच्या अशी हात धुऊन मागे लागली, की त्या पोरीनं गांगरून बॉल आमच्या निकिताच्या पायात दिला. निकिताने मारला. गोल! डोसा निकिताला.

मी भारतीला विचारलं, "राग नाही येत?"

"येतो ना अक्का. पण भूक त्याहून जास्त लागलीय. तिला जरा लवकर खा म्हणावं!"

*

केदार आमच्या कमिटीतला पुण्याचा मुलगा. आयटीत आहे. प्रत्येक मॅचला लॅपटॉप उघडून बसतो.

"अक्का, माणसं बायस्ड असतात. डेटा नसतो."

"सरी, बरं. मग तुझ्या डेटाला विचार, त्या डिफेंडरनं बॉल कुणाला घाबरून सोडला?"

त्याने स्क्रीन वर केली, खाली केली. मग म्हणाला, "तो कॉलम नाहीये, अक्का."

*

माझं बोलणं त्याला लागलं असावं. पुढच्या मॅचला त्याने पोरींच्या अंगावर यंत्रं बांधली. कोण किती पळतं ते म्हणे कळणार. निकिता हुशार! बॉल बाहेर गेला की ही पळायला लागायची. पाणी प्यायला पळत, रेफरीशी भांडायला पळत. बॉल आत आला, की कमरेवर हात ठेवून उभी.

मॅच संपल्यावर केदार नाचत आला. "अक्का, वर्क रेट! निकिता टॉपला!"

"अरे, घराला आग लागलेली असताना अंगणात फेऱ्या मारणाऱ्यालाही तू आग विझवणारा म्हणशील का?"

त्याने बराच विचार केला.

"टेक्निकली..." म्हणाला तो!

*

मग कुणीतरी 'माइंडसेट'चा ट्रेनर आणला. गुळगुळीत बूट, गळ्यात माइक. समोर बसलेल्या पोरी हाताच्या अंतरावर, तरी माइक. त्याने आधी डोळे मिटून स्वप्नं बघायला शिकवलं, मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. सोपा चान्स हुकला, आता तुम्ही काय करणार?

निकिता उभी राहिली. "मी डोळे मिटून माझ्या ड्रीमला व्हिज्युअलाइज करीन. मी स्वतःला सांगीन, आय अॅम अ विनर." टाळ्या!

भारती म्हणाली, "मागे पळीन."

"बस? इतना ही?"

"बॉल त्यांच्याकडे गेला ना, सर. मग मागे नको पळायला?"

त्याने तिच्या नावापुढे शेरा मारला, 'महत्त्वाकांक्षा कमी'. तो डोळे मिटून काय ते बघायला सांगत होता, आणि तेवढ्या वेळात समोरच्यांनी गोल मारला तर गोलकीपरनं काय बघायचं, ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

*

नव्या सीझनच्या संघासाठी मीटिंग बसली. रमेशअण्णांनी गळा साफ केला. "भारती कष्टाळू आहे, आपल्याला सगळ्यांना आवडते." एवढं ऐकलं आणि मी समजले. आमच्या कमिटीत कौतुक झालं की माणूस गेला!

"पण फॉरवर्ड म्हणजे गोल," अण्णा म्हणाले. "गोल नाही, तर ती फॉरवर्ड कसली?"

"अण्णा, पंगतीत तूप वाढायला तुम्ही फिरता. म्हणून स्वयंपाक तुम्ही केला का?"

"अक्का, तुम्ही ना स्वल्प इमोशनल होता."

"समोरचा बॉल कोण हिसकावतं? निकिताला मोकळी जागा कोण करून देतं? शिव्या खाऊन, लाथा खाऊन पुन्हा कोण उठतं?"

"ते सगळं आहेच हो," केदार म्हणाला. मान खाली, नजर लॅपटॉपमध्ये. "पण दाखवायचं कसं?"

हात वर करा म्हणाले. माझा एकटीचा हात भारतीसाठी वर गेला. मग चहा आला, आणि सगळ्यांनी मला आग्रहानं पहिला कप दिला. मी तो तसाच टेबलावर ठेवून उठले.

*

भारतीला सांगायचं कोणी? कुणीच नाही! तिला फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. दुकानात फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे तिला पत्ताच नाही. ती नेहमीसारखी मेट्रो बदलत बदलत प्रॅक्टिसला आली, बुटांच्या नाड्या बांधून आत शिरली, आणि पळायला लागली. कुणी तिला बॉल देईना. तरी ती पळतेच आहे!

शेवटी रमेशअण्णा लाइनीवर आले. "भारती, या सीझनला स्वल्प अॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घे, हां?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाळ, तुला काढलंय. यांच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मी सांगते."

तिने नाड्या सोडल्या. म्हणाली, "अक्का, मग आज बिब्स कोण गोळा करणार? मीच करून जाते." आणि पोरींनी अंगावरून काढलेल्या त्या रंगीत बंड्या सगळ्या गोळा करून, घड्या घालून गेली. त्या वर्षीची ट्रायल तिच्याशिवाय झाली. ती दुकानात साड्या दाखवत होती.

*

पुढच्या सीझनला हेब्बाळच्या एका क्लबनं तिला घेतलं. आणि आमची मॅच पडली त्यांच्याशीच, त्यांच्या मैदानावर.

पहिल्या मिनिटापासून भारती आमच्या डिफेंडरांच्या मानगुटीवर. हाफ-टाइमला आमची शांता पाणी पिताना धापा टाकत म्हणाली, "अक्का, ती श्वास घेऊ देत नाहीये हो!" मी म्हटलं, "माहितीये."

पहिला गोल झाला तेव्हा भारती डावीकडे धावली होती. आमच्या दोघी तिच्यामागे गेल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेतून दुसऱ्याच पोरीनं मारला. दुसऱ्या वेळी तिने शांताच्या पायातून बॉल काढला आणि बाजूच्या मुलीला दिला. तिसऱ्या वेळी ती मातीत आडवी होती, शांता तिच्यावर, आणि बॉल केव्हाच पुढे गेलेला. आम्ही तीन-शून्यनं हरलो.

शिट्टी वाजली. पोरी माना खाली घालून येत होत्या. रमेशअण्णा लगबगीनं माझ्याकडे आले. चेहरा नुसता फुललेला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"अक्का, नीट बघितलंत ना? भारतीचा आजपण गोल नाही!"