बदाम सत्ती सोडली नाय

मंडळी, आज मी रमीत मुद्दाम हरलो, आन् हरून लई समाधान झालं.

वाळूजला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी, दिलीप आन् शिंदे काका, आम्ही तिघं रोज खेळतो. मांडीवर डब्याची बॅग, तिच्यावर पत्त्यांचा एकच कॅट. आज माझ्यानंतर दिलीपची पाळी होती. म्हणजे मी टाकलेलं पान त्यालाच मिळणार.

हाच तो दिलीप. माझ्या बहिणीच्या हळदीला माझी शिफ्ट करतो म्हणाला, आन् ऐन सकाळी फोन बंद करून बसला. माझ्याविना तिला हळद लागली. वर्ष झालं, माफीचा एक शब्द नाय.

मी टाकलेली बदाम छक्की त्यानं उचलली, मग अठ्ठीबी उचलली. मधली सत्ती माझ्या हातात, मला बिनकामाची. मी माझ्या लागलेल्या तीन राण्या मोडून एकेक टाकली, पण सत्ती सोडली नाय.

"टाक की भाऊ, काय दाबून बसलाय?"

"टाकतो की," म्हणलं, "तू माझी शिफ्ट केली तशी."

त्यानं गड्डीतलं पान ओढलं. डाव शिंदे काकांनी मारला. सगळ्यात जास्त पॉइंट माझ्यावर.

सांगा, माझं चुकलं का? उत्तर निवांत द्या. सत्ती आत्ताबी माझ्या खिशात हाय, आन् उद्या त्याच कॅटनं खेळायचंय. बसू दे त्याला वाट बघत.