आबासाहेबांची डोक्याची तालीम

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. एखाद्या लग्नात जुन्या कचेरीतलं कोणी भेटलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि पंगत उठली तरी आमचं संपत नाही. परवा आमच्या दर्पण कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की आजी, आता वय झालं, स्मरणशक्तीसाठी रोज काहीतरी खेळ खेळत जा. मी मान डोलावली. असले खेळ खेळायला मला सरकारने पगार दिलाय, हे त्यांना कसं सांगायचं!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकाजवळ आमचं रेकॉर्ड ऑफिस होतं. ग्वाल्हेर संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, त्यामुळे आमची रजिस्टरंही अर्धं वर्ष इंदूरला असायची. कागद मात्र इथेच, कापडी बस्त्यांत बांधलेले. कोणता कागद कुठल्या बस्त्यात आहे ते रजिस्टरशिवाय सांगायचं कसं? आमचे रेकॉर्डकीपर आबासाहेब निगुडकर म्हणायचे, "रजिस्टर इंदूरला गेलं तरी डोकं इथेच आहे ना?" आणि डबे खाऊन झाले की ते रोज अर्धा तास आमच्याकडून डोक्याची तालीम करून घ्यायचे. आम्ही म्हणजे तिघं. मी, जगताप आणि श्रीवास्तवजी.

*

मी त्या ऑफिसातली पहिली बाई. मुलाखतीला गेले तर आबासाहेबांनी माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि एक ताट पुढे सरकवलं. त्यावरचं फडकं काढलं, मनात तीस आकडे मोजले आणि परत झाकलं. म्हणाले, काय काय होतं ते सांगा.

दौत, टाक, लाखेची कांडी, सुतळी, अडकित्ता, किल्ली... मी बारा वस्तू सांगितल्या आणि घाबरत घाबरत तेरावी सांगितली. मुंगळा.

आबासाहेब म्हणाले, ताटात बाराच वस्तू मी स्वतः ठेवल्यात. मी म्हटलं, मुंगळा होता, अडकित्त्याकडून किल्लीकडे चालला होता. जगताप तोंड फिरवून हसायला लागला. आबासाहेबांनी फडकं उचललं. मुंगळा नव्हता. माझी नोकरी गेलीच असं मी धरून चालले.

आबासाहेबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हजेरी लावून पळाला म्हणजे तो आपल्याच खात्यातला," ते म्हणाले. "उद्यापासून या."

*

जगताप आधी संस्थानच्या घोडदळात होता. विलीनीकरणात पलटणी मोडल्या, घोडे कुठे गेले, स्वार कुठे गेले, आणि हा आमच्याकडे बस्ते उचलायला आला. अंगाने पहाडासारखा, पण आकडा म्हणून डोक्यात राहायचा नाही. आबासाहेब रोज वीस बस्त्यांचे नंबर म्हणून घ्यायचे. जगताप तिसऱ्यावर अडकायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, मी इथं टिकत नाही."

आबासाहेबांनी त्याला रागावलं नाही. तुझ्या रिसाल्यातल्या घोड्यांची नावं आठवतात का, एवढंच विचारलं. जगतापने चाळीस नावं न थांबता म्हटली, रंगासकट, खोडींसकट. मग काय, प्रत्येक रॅकला एकेक घोडा मिळाला. बिजली म्हणजे जमिनीचे नकाशे, मोती म्हणजे कालवे, तुफान म्हणजे देवस्थानं. पाठीवर म्हणजे वरचा खण, पोटाशी म्हणजे मधला, टापेखाली म्हणजे तळचा. महिन्याभरात जगताप आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

पुढे इंदूरकडचे एक साहेब आमच्यावर नेमले गेले. शिस्तीचे कडक. हे ऑफिस आहे, तबेला नाही, असं म्हणून त्यांनी रॅकवर नंबर रंगवून घेतले आणि घोड्यांची नावं घ्यायला बंदी केली. आठवडाभर एकही कागद वेळेवर सापडला नाही.

नवव्या दिवशी साहेब स्वतः दारात आले. मुरैनाकडच्या कालव्याचा कागद तातडीने हवा होता. घसा खाकरून हळूच म्हणाले, "जगताप, ज़रा मोती के पेट में देखना."

*

श्रीवास्तवजींचं अक्षर म्हणजे मोती. (हा मोती वेगळा!) महत्त्वाच्या पत्रांच्या नकला त्यांच्याकडेच असायच्या. आबासाहेबांनी त्यांना दुहेरी ध्यानाचा व्यायाम दिला. हात लिहीत राहिला पाहिजे आणि कान रस्त्यावरच्या टांग्यांच्या घंटा मोजत राहिले पाहिजेत. शेवटी आकडा विचारणार, आणि पत्रात एक चूक चालणार नाही.

श्रीवास्तवजी यात इतके तयार झाले की आम्ही मुद्दाम त्यांच्याशी गप्पा मारल्या तरी ते लिहायचे, बोलायचे आणि मोजायचे. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

एकदा इंदूरला वरच्या साहेबांना पत्र गेलं. आठवड्याने ते परत आलं. श्रीवास्तवजींच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "निवेदन है कि इस कार्यालय में कर्मचारी कुल तेईस।" आम्ही होतो चौघं. वरच्या साहेबांनी समासात लाल शाईने एवढंच विचारलं होतं, "बाक़ी उन्नीस कहाँ हैं?"

श्रीवास्तवजी दोन दिवस ते पत्र पुढ्यात घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तराचा मसुदा आबासाहेबांपुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, "स्टेशन की ओर गए।"

*

याच तालमीने माझं एक लग्न मोडलं, तेही सांगते. आबासाहेब एक चित्र मिनिटभर दाखवायचे, मग उलटं ठेवून दहा प्रश्न विचारायचे. ती सवय लागून गेली होती. उज्जैनहून मला स्थळ आलं, आधी फोटो आला, मग मंडळी आली. पोहे झाले. आई खूश, वडील खूश. मी मात्र मुलाच्या कानाकडे बघत बसले होते. फोटोतल्या कानाची पाळी सुटी होती, याची गालाला चिकटलेली.

मी आत जाऊन आईला सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. पण वडिलांनी बाहेर गोडीत विचारलं, तेव्हा मुलाचे काका गडबडले. फोटो थोरल्या भावाचा होता. तो जरा बरा आला होता म्हणून पाठवला, म्हणाले. त्या थोरल्याला दोन मुलं होती.

घरात चार दिवस सुतक असल्यासारखं होतं. इतकं बारीक बघणाऱ्या मुलीशी कोण लग्न करणार, असं आत्या म्हणाली, आणि ते माझ्या मनाला लागलं. ऑफिसात रडू आलं. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"जावकात एक, आवकात दुसरं," ते म्हणाले. "असा माल आम्ही सही करून घेत नाही, परत करतो."

*

मग मध्यभारतच नव्या मध्य प्रदेशात गेला आणि राजधानी झाली भोपाळ. सगळे बस्ते तिकडे हलवायचे ठरले. आणि नेमकं बस्त्यांच्या सूचीचं रजिस्टर इंदूरच्या फेऱ्यांत कुठेतरी गहाळ झालेलं. भोपाळहून एक अधिकारी आले. तरुण होते, हुशार होते, आणि जुन्या संस्थानी लोकांनी काहीतरी दडवलंय असा त्यांना दाट संशय होता. आबासाहेबांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्या वयात चौकशी लागणार, या विचाराने आम्हाला जेवण जाईना.

आबासाहेबांनी शांतपणे विनंती केली की सूची मी तोंडी सांगतो, तुम्ही पडताळून घ्या.

अकरा दिवस ते चाललं. आबासाहेब डोळे मिटून नंबर आणि विषय सांगायचे, श्रीवास्तवजी लिहायचे, जगताप बस्ता काढायचा, मी गाठ सोडून अधिकाऱ्यांपुढे धरायची. पहिल्या दिवशी अधिकारी प्रत्येक बस्ता तपासत होते. चौथ्या दिवशी दहातला एक. आठव्या दिवशी त्यांनी आबासाहेबांसाठी स्वतः चहा मागवला.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या रॅकपाशी, आबासाहेब म्हणाले, "हा बस्ता रिकामा आहे."

अधिकाऱ्यांनी तो उघडायला लावला. आत खरंच काही नव्हतं. मात्र कापडावर जुनी चिठ्ठी शिवलेली होती, शाई उडालेली, पण वाचता येत होती. निनावी तक्रारी. संस्थानच्या काळात शहरातल्या कोणी कोणाविरुद्ध गुपचूप काय लिहून दिलं, ते सगळं त्यात असायचं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, इसमें किन लोगों के नाम थे?

अकरा दिवसांत सूची सांगताना आबासाहेबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले.

"वो तो मैं भूल गया, साहब," ते म्हणाले, आणि श्रीवास्तवजींना म्हणाले, "लिहा. पुढचा नंबर."