लवंगांवरचं नवरात्र

आमच्या हिचं अंग सुजायला लागलं ते ऐंशी सालाच्या मागेपुढे. आधी पाय, मग लघवीतून रक्त, मग डोळे लालभडक होऊन दिसेनासंच झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथले म्हणाले, शरीरच स्वतःच्या किडन्यांवर आणि डोळ्यांवर उठलंय, त्याला दाबून ठेवायचं औषध घ्यावं लागेल. गोळ्या लिहून देताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, आणि एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

गोळ्यांनी तिचं तोंड भोपळ्यासारखं झालं, ओठावर लव आली. शेजारणी म्हणायच्या, "माहेरचं तूप मानवलं हो." मला अस्सा राग यायचा. ती मात्र हसायची, कारण तिला दिसायला लागलं होतं. एकदा सुईत दोरा ओवून दाखवला तिनं मला.

नजर आली तर लवंगांवर नवरात्र करीन, असं ती वणीच्या देवीला बोलली होती. नऊ दिवस लवंगा आणि पाणी, बाकी काही नाही. घट बसले त्या सकाळी मी सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालो होतो, चपलेत पाय घालत होतो. तिनं विचारलं, "अहो, मग गोळ्यांचं काय करू?"

"उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणून सांगितलंय ना? तेवढंही कळत नाही का?" मी खेकसलो. मोठा शहाणा मी. डॉक्टरांचं अर्धंच आठवलं, आणि तेही दरडावून सांगितलं.

सातव्या माळेला ती न्हाणीत कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा लघवी जवळजवळ बंद झालेली आणि डोळ्यांपुढं नुसता अंधार.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टर चिडले होते. मी खाटेच्या पायथ्याशी फाइल धरून उभा होतो. तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. म्हणाली, "मीच. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

डॉक्टर तिला फाडफाड बोलले. मी ऐकत राहिलो.

पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, जोडीला आणखी जहाल औषध. तिचे केस उशीवर गळून पडायचे, ते मी गोळा करायचो. पण गेलेलं काही परत आलं नाही. संक्रांतीच्या आधी ती गेली.

तिच्या माहेरचे अजून म्हणतात, पोरीनं हट्टापायी जीव घालवला, जावयानं मात्र खूप केलं. मी मान डोलावतो.