नव्या पंपाचं पहिलं वॉशिंग

मी चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद केला आणि वाळूनं जालिंदरला धरलं.

तोपर्यंत तो निदान हलत तरी होता. वाळू बरगड्यांपर्यंत आली होती, एक पाय दुमडून खाली अडकला होता, पाणी हनुवटीला टेकलं होतं. साहेब वरून ओरडले, "बंद करा, बंद करा," म्हणून मी बंद केलं. पाण्याची खळखळ थांबली. वाळू खाली बसली ती त्याला आवळून बसली. त्यानं दोन्ही हात पाण्यावर मारले, पण कमरेखालचं काही हललं नाही.

"वैनी," तो म्हणाला, "पाय न्हाय निघत."

एवढं बोलताना त्याच्या तोंडात गढूळ पाणी गेलं. मग त्यानं मान मागं टाकली आणि तोंड आभाळाकडं करून धरलं. तसं धरलं तरच श्वास घेता येत होता.

हे इंदापूर तालुक्यातल्या एका पाणी योजनेवर झालं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून तीच माणसं राहतात. कालव्याचं पाणी चारीनं, म्हणजे छोट्या पाटानं, आमच्याकडं यायचं आणि साफ होऊन आसपासच्या गावांना जायचं. मी तिथं कामाला होते. पाण्यात तुरटी घालायची, फिल्टर धुवायचा, वहीत आकडे लिहायचे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आकडे लिहायला तेवढी पुरते. जालिंदर माझ्या सासरच्या भावकीतला, फिल्टरचा ऑपरेटर. कामाला चांगला, बोलायला आगाऊ.

फिल्टर म्हणजे एका मोठ्या खोलीएवढा सिमेंटचा हौद. तळाला गोटे, त्यावर अडीच फूट वाळू, तिला आम्ही बेड म्हणायचो. पाणी वरून सोडायचं, ते वाळूतून झिरपत खाली जातं आणि गाळ वाळूत अडकतो. दोन दिवसांत वाळू तुंबते. मग उलटं करायचं. खालून पंपानं पाणी सोडायचं, ते वाळूतून वर चढतं आणि गाळ सोडवून आणतं. वाळूच्या वर दीड-दोन फुटांवर हौदात सिमेंटचं गटर असतं. पाणी त्याच्या काठापर्यंत आलं की गटरात पडून बाहेर जातं. त्याच्या वर चढत नाही. याला बॅकवॉश म्हणतात. आम्ही वॉशिंग म्हणायचो.

आमच्या योजनेचं दुखणं एकच होतं. धुतलेली वाळू धुतल्यासारखी नसायची. वाळूत चिखलाचे लिंबाएवढे गोळे व्हायचे आणि गावांना गढूळ पाणी जायचं. बायका हंडे घेऊन ऑफिसात यायच्या आणि आधी मलाच बोलायच्या, कारण त्यांना ओळखीची मीच होते. पिंपळीला माझ्या माहेरी विहिरीचं पाणी होतं. भाऊ म्हणायचा, "सरकारी पाण्यात कामाला हायेस, मग प्यायला आमचं का नेतीस?"

जालिंदरनं यावर आपला उपाय काढला होता. वॉशिंगच्या सुरुवातीला तो गमबूट घालून, दाताळं घेऊन वाळूवर उतरायचा. मी खालून पाणी सोडलं की तो वरचा थर ओढून गोळे फोडायचा. पाणी गुडघ्याला लागलं की शिडीनं वर यायचा. सहा वर्षं आम्ही असंच करत होतो. कुणाला काही झालं नाही. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणापासून ओढ्याच्या वाळूतनं चालतोय, म्हणायचा.

त्या साली पुण्याच्या कॉलेजातून रेणुका मॅडम आल्या. इंजिनियर होत्या, पुढच्या शिक्षणासाठी पाण्याची मापं घेत होत्या. वाहतं पाणी कसं घुसळतं हा त्यांचा विषय. मला आधी वाटलं, घुसळतं ते घुसळतं, त्यात शिकायचं काय. त्या चारीत एक छोटी भिंगरी धरायच्या आणि मी फेरे मोजायचे. मधे भिंगरी भराभर फिरायची, भिंतीजवळ सावकाश आणि तळाशी कधी अशी कधी तशी. एकाच चारीत पाणी तीन तऱ्हेनं चालतं हे मला तेव्हा कळलं. रोज पाहत होते, पण मोजलं नव्हतं.

मग त्यांनी दंडाएवढी जाड काचेची नळी उभी केली. तळाला गोटे टाकले, वर आमच्याच बेडमधली वाळू. खालून पाणी सोडलं. सावकाश सोडलं तर वाळू जागची हलत नव्हती, पाणी कणांमधून गुपचूप वर यायचं. वाढवत नेलं की एका जागी वाळू फुगायची, सुटी व्हायची आणि तांदूळ रटरटतात तशी घुसळायची. कण एकमेकांवर घासले की गाळ सुटतो, त्या म्हणाल्या. तुमचा पंप वाळूला तिथपर्यंत नेतच नाही. निम्म्यावर थांबतो.

जालिंदर बघत उभा होता. "मॅडम, नळीतली वाळू येगळी न बेडातली येगळी."

"तीच आहे. काल तुम्हीच घमेल्यातून आणून दिलीत."

"मग तुमच्या म्होरं नाचत आसंल. माझ्या म्होरं लाजतीया."

मी त्या नळीत डब्यातला चमचा खुपसून पाहिला. पाणी बंद असताना चमचा निघेना. दांडा वाकला तरी निघेना. मॅडमनी पाणी सोडलं आणि तो तुपातून निघावा तसा वर आला. पुन्हा बंद केलं की पुन्हा पक्का. मला त्याची गंमत वाटली. चार-पाच वेळा केलं. कामाचं काही त्यात दिसलं नाही.

मॅडमनी मापं लिहून दिली, साहेबांनी वर पाठवली आणि चार महिन्यांनी मोठा पंप आला. साहेब म्हणजे आमच्या सेक्शनचे इंजिनियर. माणूस वाईट नव्हता. घाई फार करायचा. पहिल्या वॉशिंगला सकाळी अकराच्या सुमाराला ते स्वतः आले. मॅडम पलीकडच्या कठड्यावर मापाची काठी धरून बसल्या होत्या, वाळू किती फुगते ते बघायला. साहेब म्हणाले, "चला, नेहमीसारखं करा."

जालिंदर नेहमीसारखा गमबूट घालून उतरला. मीही नेहमीसारखं चाक पूर्ण उघडलं. जुन्या पंपाला पूर्ण उघडूनही पुरत नव्हतं, हाताला तीच सवय. मॅडमची नजर काठीवर होती. आम्हा तिघांत एकानंही त्याला वर ये म्हटलं नाही.

अर्ध्या मिनिटात वाळू फुगली. तो आधी हसला. "वैनी, वाळू पातळ झाली की वं." मग गुडघ्यापर्यंत गेला, मग मांडीपर्यंत. एक पाय उपसायला वाकला, तोल गेला आणि दुसऱ्या गुडघ्यावर बसला. तेव्हा साहेब ओरडले. ते चाक बंद करायला बरेच वळसे लागतात. तेवढ्यात पाणी गटराच्या काठाला पोचलं आणि जालिंदरच्या हनुवटीला.

इथपर्यंतचं वर सांगितलंच आहे.

मॅडम आधी हलल्या. कठड्यावरून गटरात उतरल्या, काठावर पालथ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी जालिंदरचं डोकं वर उचलून धरलं. साहेब म्हणाले, खालचा व्हॉल्व्ह उघडा, तळातून पाणी बाहेर काढायचा, पाणी उतरू दे. ऐकायला बरोबर वाटतं. पाणी उतरलं की तोंड मोकळं होणार. मी तो व्हॉल्व्ह चार वळसे उघडला.

पाणी बोटभर उतरलं असेल नसेल. पण उतरणारं पाणी वाळूतून खाली ओढलं जातं आणि वाळूलाही खाली ओढून घट्ट करतं. जालिंदरचा श्वास अर्ध्यावर अडकायला लागला. "दाबतंय," तो म्हणाला. "छाती दाबतिया." पुढं बोलला नाही. ओठ काळे पडत चालले होते.

मी न विचारता तो व्हॉल्व्ह बंद केला. साहेब म्हणाले, "काय करताय तुम्ही?"

"वॉशिंगचं उघडती."

"अहो बाई, तो बुडतोय आणि तुम्ही आणखी पाणी सोडणार?"

"पाणी गटराच्या वर न्हाय चढत साहेब. वाळू ढिली हुईल."

"कशावरून?"

चमच्यावरून, असं मी साहेबांना सांगणार नव्हते. मी मॅडमकडं पाहिलं. जालिंदरचं डोकं न सोडता त्यांनी मान वळवली. "मावशी बरोबर सांगतायत," त्या म्हणाल्या. "पण अगदी थोडं. जोरात आलं तर लाट तोंडावर येईल आणि हा अजून खाली जाईल. मी सांगेन तेव्हा थांबवा."

साहेब म्हणाले, काही झालं तर जबाबदारी कुणाची. मी म्हणाले, "माझी म्हणून लिवा." आणि चाकाला हात घातला.

पंप चालूच होता. पाव वळसा दिला. काही नाही. आणखी पाव. काही नाही. हाताखाली चाक नुसतं धडधडत होतं. वाटलं, चुकतंय. माणूस मरणार आणि चाक माझ्या हातात असणार. आणखी थोडं दिलं, तेव्हा जालिंदरच्या छातीभोवती वाळूतून बारीक धूर निघावा तसा गाळ वर यायला लागला. मॅडम म्हणाल्या, "थांबा. एवढंच ठेवा."

त्यानं एक पूर्ण श्वास घेतला. तो आवाज मला कठड्यावर ऐकू आला.

तोवर साहेब तुरटीच्या पोत्यांचा दोर घेऊन गटरात उतरले होते, बूट-पँटसकट. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. त्यांनी त्याच्या काखेतून दोर घातला. मॅडम त्याला सांगत होत्या, ओढू नका, पाय नुसता हलवा, लहान लहान. तो म्हणाला, "हलतोय." मग मला म्हणाला, "वैनी, आता सोडू नका चाक."

"न्हाय सोडत. तू गप ऱ्हा."

दुमडलेला पाय सुटला, मग दुसरा. त्यानंतर फार ओढावंच लागलं नाही. सुट्या वाळूत तो आपणच वर येत होता. मॅडमनी नंतर समजावलं की घुसळणारी वाळू पाण्यापेक्षा जड असते, म्हणून तिच्यात माणूस तरंगतो. पाण्यात बुडेल, तिच्यात बुडणार नाही, पाय टाकून धडपडला नाही तर. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की साहेबांनी त्याला गटराच्या काठावर पालथा घातला आणि तो ओकला. मग मी चाक सोडलं. माझे दोन्ही तळहात सोलले होते. ते संध्याकाळी हात धुताना कळलं.

एक गमबूट खालीच राहिला. जालिंदरच्या गुडघ्याला सूज आली, आठ-दहा दिवस घरी बसला. आला तेव्हा आभार वगैरे काही मानले नाहीत. म्हणाला, "वैनी, पयल्यांदा बंद तुमीच केलं हुतं." मी म्हटलं, "आन् उतरला कोण हुता?" तेवढ्यावर मिटलं.

साहेबांनी रिपोर्ट लिहिला. त्यात माझी जबाबदारी लिहिली नाही, स्वतःची लिहिली. हौदाच्या भिंतीवर पाटी आली, वॉशिंग चालू असताना बेडवर उतरू नये. दाताळ्याचीही गरज उरली नाही, कारण महिन्याभरात गोळे गेले आणि पाणी असं निघायला लागलं की पेल्याचा तळ दिसायचा. बायकांनी ऑफिसात यायचं बंद केलं. माझी उरलेली नोकरी त्या हौदावर निवांत गेली. काम आवडायचं मला. आजही आवडलं असतं, पण वय झालं.

मॅडम जाताना म्हणाल्या होत्या, आपण पाणी मोजलं, वाळू मोजली, पंप मोजला, पण जालिंदर कुठं उभा राहतो ते वहीत घेतलंच नाही. बरोबर आहे. मशीन बदललं तर त्याच दिवशी माणसांच्या सवयी तपासाव्यात. सहा वर्षं तो वाळूवर उभा राहू शकला, कारण सहा वर्षं वाळू नीट धुतली जात नव्हती. पंप सुधारला आणि ती जागा धोक्याची झाली. हे आधी कळायला इंजिनियर लागत नाही. मलाही कळायला हवं होतं.

साहेब रिटायर होऊन वारले, आजारानं. मॅडम कुठंतरी बाहेरगावी शिकवतात. जालिंदर शेळगावला असतो, नातवंडं आहेत, गुडघा थंडीत दुखतो. हौदात त्या दिवशी तो एकटाच अडकला होता, आणि तो वाचला.