मास्तरांची नवी मांडी

मास्तरांची मांडी एका दिवसात गेली नाही. पोट वर्षावर्षाने पुढे सरकत आलं आणि मांडी तेवढीच मागे हटत गेली. पंचावन्नाव्या वर्षी ते खुर्चीत बसले की पोट संपलं तिथे थेट गुडघेच सुरू होत. चारचौघांचं ह्यानं काही अडत नाही. मास्तरांचं अडलं, कारण त्यांना मांडीवर गिटार ठेवायची असे.

मास्तर पेशाने शिंपी. दिवसभर लोकांची पोटं मोजायची आणि गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून आकडा मनातल्या मनात म्हणायचा, असा मऊ स्वभाव. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. कुणी काहीही मागितलं तरी "बघतो" म्हणायचे आणि मग निस्तरत बसायचे.

रविवार मात्र गिटारीचा. ही गिटार छातीशी धरून मिरवायची नव्हे. ती मांडीवर आडवी झोपवायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे गिटार सांभाळायचं काम एकट्या मांडीचं. आणि मांडीनं तर कधीच अंग काढून घेतलेलं.

व्हायचं तेच झालं. मागच्या कार्यक्रमात एका संथ, दुःखी गाण्याच्या ऐन मध्यावर गिटार मास्तरांच्या नडग्यांवरून घसरली आणि धाडकन स्टेजवर आदळली. गाण्यात नुकतंच कुणीतरी कुणाला सोडून गेलं होतं, त्यामुळे काही प्रेक्षकांना तो आवाज गाण्यातलाच वाटला. वाद्यवृंद चालवणाऱ्या डॉक्टरांना तसं वाटलं नाही. ते दातांचे डॉक्टर, अकॉर्डियन वाजवायचे. दाढ काढावी लागेल हे ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात म्हणाले, "मास्तर, येत्या कार्यक्रमात पुन्हा गिटार पडली, तर त्यापुढे तुम्ही खुळखुळा वाजवायचा."

"बघतो," मास्तर म्हणाले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. अकरा वर्षं घासून शिकलेलं वाद्य सोडून उतारवयात खुळखुळा हातात घ्यायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

मग स्टँडची शोधाशोध सुरू झाली. वाद्यांच्या दुकानात पेटीवजा कीबोर्डचा स्टँड मिळाला, पण त्याच्या दोन दांड्यांमधून गिटार सरळ खाली जायची. घरातला इस्त्रीचा टेबल बरा वाटला. उंची कमीजास्त होते, वर गादी आहे, आणखी काय हवं? पण त्याची खिट्टी सैल होती. पहिल्या कडव्याला तो उभा राहिला, दुसऱ्या कडव्याला त्यानं गुडघे टेकले.

"अहो, माझ्या बहिणीचा नवरा सुतार आहे," बायको शेवटी म्हणाली. "गावभर फिरण्यापेक्षा त्याला का सांगत नाही?"

सांगत नव्हते, कारण तो साडू होता. साडूपुढे हात पसरायचा म्हणजे मास्तरांच्या जिवावर यायचं. पण कार्यक्रम आठवड्यावर आला होता. अडला हरी म्हणतात तो हाच. मास्तरांनी मापाची चिठ्ठी लिहून धाडली: लांबी बत्तीस, रुंदी दहा, उंची पंचवीस. आणि हाताला सवय पडलेली, म्हणून खाली लिहिलं, "सगळीकडून दोन इंच माया ठेवणे."

आता शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. माणूस सुटला की उसवायचं आणि सैल करून द्यायचं. आपलं पोट अजून वाढलं तर असावी सोय, एवढाच मास्तरांचा हिशेब. लाकूड उसवता येत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

साडूनं चिठ्ठी चारदा वाचली. लाकडात माया कशी ठेवतात ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जावं तर साडूपुढे अडाणी ठरणार. त्यानं बायकोला विचारलं.

"भावजींचा जीव आहे त्या गिटारीवर," मेहुणी म्हणाली. "काहीतरी मऊमऊ पाहिजे असेल तिला."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी स्टँड थेट सभागृहात आला. साडूनं त्याला सगळीकडून, अगदी पायांनासुद्धा, दोन इंच फोम लावून वर लालभडक रेक्झिन ठोकलं होतं. सोफ्याला पोर झाल्यासारखं दिसत होतं.

"माया कमी पडली का?" साडूनं काळजीनं विचारलं.

मास्तर बोलायला गेले, पण आधी त्यांनी गिटार वर ठेवली. ती फोममध्ये अंगुळभर रुतली. त्यांनी हलवून पाहिली. हलेना. मास्तरांना साडूला मिठी मारावीशी वाटली, पण पोट आड आलं.

पडदा उघडायच्या आधी मास्तर गिटार घेऊन विंगेत तारा जुळवायला गेले. परत येतात तो काय, प्रमुख पाहुणे स्टँडवर बसलेले. पाहुणे म्हणजे एक उंचेपुरे निवृत्त मुख्याध्यापक. स्टेजवर सगळ्या लाकडी खुर्च्या आणि मधोमध एकच लाल गादीचं आसन. ते आपल्यासाठीच मांडलंय, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"साहेब, जरा..." मास्तर पुटपुटले.

"करा, करा सुरू," मुख्याध्यापक म्हणाले. "इथून छान दिसतं."

पडदा उघडला. डॉक्टरांनी भाता ओढला. मास्तर गिटार दोन्ही हातांवर घेऊन, बारशाला आल्यासारखे उभे. त्यांची पाळी यायला जेमतेम अर्धं मिनिट. खुर्चीत बसले तर गिटार पडणार, उभे राहिले तर वाजणार नाही. चाळीस वर्षांचं "बघतो" घशाशी आलं, आणि मास्तरांनी ते गिळलं. समोरच्या माइकचं त्यांना भान राहिलं नाही.

"साहेब, उठा. तुम्ही माझ्या मांडीवर बसला आहात."

सभागृह असं हसलं की अकॉर्डियन ऐकू येईना. मुख्याध्यापक विजेचा धक्का बसावा तसे उठले. मास्तर बसले, गिटार ठेवली, कांडी टेकवली. त्यांचा स्वर वेळेवर आला.

गिटार घसरली नाही. आजवर वाजवताना मास्तरांचा एक डोळा तारांवर आणि एक गुडघ्यांवर असे. आज गुडघ्यांवरचा मोकळा झाला, तर त्यांनी मान वर केली. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. दर कार्यक्रमाला ती येते आणि बहुधा डुलक्या काढते, असं ते धरून चालले होते. ती गात होती. ओठ हलत होते, मान डोलत होती, सगळे शब्द पाठ होते. अकरा वर्षं ती हे करत असणार, आणि आपण एकदाही पाहिलं नाही, ह्याचं मास्तरांना फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

फक्त बायको एक ओळ पुढे गात होती. डॉक्टर डोळे वटारत राहिले, पण मास्तरांनी ताल सोडला आणि तिला गाठायला निघाले.