उंबऱ्यावरचं इंग्रजी

माझे सासरे मला इंग्रजी शिकवायचे ते माझ्याकडे पाठ करून. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, अशी आमच्या पारनेरकडची रीत. म्हणून ते ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसत आणि मी दाराआड, डोक्यावर पदर घेऊन. मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊनच मी या घरात आले होते. निम्म्या तालुक्याला ज्यांनी इंग्रजीत पास केलं, त्या मास्तरांची सून नापास! मला उंबऱ्याबाहेर तोंड दाखवायची लाज वाटे.

मामंजींची पद्धत एकच. लांबलचक शब्द आला की फोडायचा. ‘अनकम्फर्टेबल’पाशी मी अडखळले, की त्यांचा अडकित्ता उंबऱ्यावर वाजे, एका तुकड्याला एक ठोका. “अन, म्हंजी न्हाई. कम्फर्ट, म्हंजी आराम. एबल, म्हंजी जोगं. आता जोड बघू.” मी पुटपुटले की म्हणत, “मोठ्यानं, पोरी. इंग्रजी काय चोरून आनलंय का आपन?” दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेल्या बाया दाराशी थबकत. मामंजी त्यांनाच ऐकवत, “तुमी तिकडं फोडा, आमी हितं फोडतो. आख्खा धोंडा उचलतोय व्हय कुनाला?” बाया खिदळत पुढे जात आणि मी आत शरमेनं अर्धी होई.

परीक्षेत मी अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. उताऱ्यातला एकेक मोठा शब्द बाकावर बोटानं ठोके देत फोडत बसले. शब्द सगळे कळले, पण निबंधाला हात लावायच्या आतच घंटा झाली.

निकाल लागला. पुन्हा इंग्रजीच. “कुठं अडलं?” मामंजींनी पाठमोरंच विचारलं. मी भाबडेपणानं झालं ते सगळं सांगून टाकलं. त्यांचा अडकित्ता थांबला. सुपारी तशीच हातात राहिली.

तेवढ्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी रस्त्यानं चालला होता, तो थांबला. “काय मास्तर, सूनबाई झाल्या का पास?”

मामंजी काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, अशी मला वेडी आशा होती. पण ते उभे राहिले आणि मला शिकवत त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “नापास. पर ती न्हाई, मी. पोरीला शब्द फोडायला लावले, पेपर पुरा करायला शिकवलंच न्हाई.”

तो बिचारा मान खाली घालून निघून गेला. दाराआड मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. मामंजींना मी ते सांगायला नको होतं.