वरचा एक युरो

हॉटेलातलं बिल मी भरतो आणि आमची मुलगी ते तपासते. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. मी टिपचा आकडा लिहून सही केली, की ती हात पुढे करायची, बिलाचं काळं पाकीट उघडून आत बघायची आणि पुन्हा मिटून ठेवायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

हा मान मी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलाय. तिच्या तेराव्या वाढदिवसाला आम्ही न्यू जर्सीतल्या आमच्या घराजवळच्या एका इटालियन हॉटेलात गेलो होतो. पास्ता गार, पाणी दोनदा मागावं लागलं आणि केक आणायचं तर वेट्रेस साफ विसरली. मी दोन डॉलर टिप ठेवली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माझा पिंड इंजिनिअरचा. टिप कमी का दिली हे समोरच्याला कळायला नको? म्हणून मी बिलावर तीन कारणं लिहिली, नंबर घालून. मुलगी शेजारी बसून बघत होती. मला वाटलं, बरं आहे, शिकतेय.

शिकलीच ती. स्टेट कॉलेजला गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि हायवेवरच्या एका डायनरमध्ये वेट्रेस म्हणून लागली. इथे वेट्रेसला पगार नावापुरता असतो, खरी कमाई टिपचीच, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि संध्याकाळी आपल्या मुलीचे सुजलेले पाय बघणं वेगळं. ती आली की मी बादलीत कोमट पाणी घ्यायचो, त्यात मूठभर मीठ टाकायचो आणि बादली तिच्या पायाशी नेऊन ठेवायचो. एका संध्याकाळी तिने खिशातून एक बिल काढलं, मॅग्नेटने फ्रिजवर लावलं आणि पाय बुडवून बसली. टिपच्या जागी कुणीतरी शून्य घातलं होतं आणि खाली तिच्या चुका लिहिल्या होत्या. नंबर घालून. ते बिल महिनाभर फ्रिजवर होतं. दूध काढायला गेलो की मी मान खाली घालायचो.

त्यानंतर मी टिप चोख द्यायला लागलो. वीस टक्के, कधी त्याहून जास्तच. तरीही तिचा हात पुढे यायचाच.

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोने मार्टिनिकला जायचं ठरवलं. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट म्हणजे फ्रान्सच. तिथे पैसे युरोचे आणि भाषा फ्रेंच. कुठेही जायचं म्हटलं की बायको त्या जागेचा परीक्षेसारखा अभ्यास करते. विमानातच तिने आम्हा दोघांना बजावलं.

"हे बघा, तिथे टिप द्यायची नाही. सर्व्हिस बिलातच धरलेली असते आणि लोकांना नीट पगार असतो. अमेरिकेतले टुरिस्ट उगाच वीस टक्के ठेवून तिथली पद्धत बिघडवतात. अगदीच राहवलं नाही तर बशीत एक-दोन नाणी ठेवायची, बस्स."

"याला म्हणतात सुधारलेला देश!" मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असणार, कारण मुलीने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"ऑफ कोर्स यू लव्ह इट, बाबा," ती म्हणाली आणि हेडफोन परत लावला.

सुट्टी मात्र झकास झाली, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही उतरलो होतो त्या गावात समुद्राला लागून एक छोटं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पाच टेबलं, आणि खुर्चीत बसलं की तिचे पाय वाळूत बोटभर रुतायचे. मालकीण माझ्याच वयाची होती. रांधायची तीच आणि वाढायचीही तीच. पहिल्या दिवशी तिने कोलंबो नावाची भाजी वाढली. फार पूर्वी ऊसमळ्यांवर कामाला आलेल्या आपल्याकडच्या लोकांचा हा मसाला, असं मुलीने शाळेतल्या फ्रेंचच्या जोरावर विचारून आम्हाला सांगितलं. बायकोने एक घास चाखला आणि निकाल दिला, "गोडा मसाला नाही, पण त्याची चुलतबहीण नक्की." मग आम्ही दुसरीकडे जेवायला गेलोच नाही. समोर समुद्र, पोटात गरम भात, फोनला रेंज नाही. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मालकीण काउंटरमागे गेली, चप्पल काढून एक पाय उपड्या खोक्यावर ठेवला आणि अंगठ्याने टाच दाबत राहिली. चेहऱ्यावर काही नाही, नुसती दाबतेय. मी ती टाच ओळखली. मुलीनेही तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बिल आलं. बायकोने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सर्व्हिस धरलेली होती.

झाली ना पंचाईत. टिप ठेवावी तर बायको चिडणार आणि विमानात ज्या पद्धतीला टाळ्या वाजवल्या ती मीच मोडणार. त्याहून वाईट म्हणजे मुलीला वाटणार, बाबा मला दाखवायला ठेवतोय. आणि न ठेवावी तर ती टाच डोळ्यांपुढून हलत नव्हती.

रस्त्यावर आल्यावर मी "अरे, टोपी राहिली" म्हणून मागे फिरलो. मालकीण आत भांडी घासत होती. दहा युरोची नोट काढली, पण नुसती नोट टेबलावर टाकून जायला हात धजेना. कागदी नॅपकिनची पाकिटासारखी घडी घातली, नोट आत सरकवली, आणि विचार न करताच वर एक युरोचं नाणं टाकलं. आमच्या आईने मुंजीला, बारशाला, लग्नाला कधी नुसते दहा किंवा शंभर दिले नाहीत. अकरा, एकशे एक. वरच्या एका रुपयाशिवाय तिचं पाकीट बंदच व्हायचं नाही. मीही इथे सगळ्या पोरांच्या पाकिटांत वरचा एक डॉलर घालतो. ती घडी मी साखरेच्या भांड्याखाली सरकवली आणि टोपी घालून बाहेर आलो.

मग माझा विसरभोळेपणा वाढतच गेला. तिसऱ्या दिवशी गॉगल राहिला, चौथ्या दिवशी पाण्याची बाटली, पाचव्या दिवशी पुन्हा टोपी. "अरे, तू एकदम म्हातारा झालास की काय?" बायको म्हणाली. मुलगी रोज रिकामी बशी बघायची आणि उठायची. ती रागावली असती तर चाललं असतं. पण तिला माझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती आणि ते फार लागायचं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं की ते दाखवण्यासाठीच केल्यासारखं झालं असतं.

शेवटच्या दिवशी जेवण संपलं तशी मालकीण एक वाडगा घेऊन आली आणि तो माझ्यासमोर ठेवला. आत माझ्या चारही घड्या होत्या. मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ती हळू आवाजात, फार मायेने काहीतरी सांगायला लागली.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

मुलीला हसू आवरेना. "शी सेज, बाबा रोज पैसे विसरतो. टोपी विसरतो, गॉगल विसरतो, अँड मनी ऑल्सो. पहिले तिला वाटलं की दुसऱ्या कुणाचे आहेत. काल बाबा टोपी घेऊन गेल्यावर लगेच साखरेखाली बघितलं, तेव्हा तिला कळलं की बाबाचेच. टिप असली तर लोक बशीत ठेवतात ना, कागदात लपवून कोण ठेवतं? तिच्या काकांना पण असंच झालं होतं. ती म्हणते, आई, यू शुड टेक हिम टू अ डॉक्टर."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

मुलीने हसतहसत एक घडी उघडली. नोट निघाली आणि नाणं टेबलावर घरंगळलं. दुसरी उघडली. नोट आणि नाणं. तिचं हसू थांबलं. तिच्या प्रत्येक वाढदिवसाचं पाकीट असंच असायचं. लहानपणी ती दरवेळी विचारायची की हा एक कशाला, आणि मला कधी धड सांगता यायचं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "हे विसरलेले नाहीत. तू ठेवलेत. रोज?"

"त्यांचे पाय दुखत होते गं," मी म्हणालो.

बायकोच्या ओठांवर "मी सांगितलं होतं ना" आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं. पंचवीस वर्षांत हे किती वेळा घडलंय ते मी बोटांवर मोजू शकतो.

मुलगी मालकिणीशी बराच वेळ फ्रेंचमध्ये बोलली. मधेच तिने स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि हातांनी बादलीचा आकार केला. ती बादली तिच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मालकीण आधी हसली, मग हसायची थांबली. घड्या तिने परत वाडग्यात भरल्या, आत गेली आणि येताना कोलंबो मसाल्याची पुडी घेऊन आली. पुडी नॅपकिनमध्ये बांधलेली होती, आणि घडी अगदी माझ्यासारखी घातली होती.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तरी बशीतच ठेवायचे होतेस." तिचं म्हणणं बरोबर होतं.

परत आल्यावर रविवारी आम्ही ओक ट्री रोडवरच्या एका देशी हॉटेलात डोसा खायला गेलो. बिल आलं. मी टिपचा आकडा लिहिला, सही केली आणि सवयीने ते काळं पाकीट मुलीकडे सरकवलं. तिने ते न उघडता परत माझ्याकडे ढकललं.

"वरचा एक घातलास?" तिने मराठीत विचारलं.

"घातला," मी म्हणालो.

ती बडीशेप घ्यायला काउंटरकडे गेली. मी थोडा वेळ त्या मिटलेल्या पाकिटावर हात ठेवून बसून राहिलो.